मदत हवी आहे: सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये रिकामं काडतूस अडकतंय

मंडळी, क्ले टार्गेटसाठी (हवेत फेकलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी) १२ बोअरची, गॅसवर (म्हणजे उडालेल्या काडतुसाच्याच वायूच्या जोरावर) चालणारी सेमी-ऑटो वापरतो. हल्ली २४ ग्रॅम छर्‍यांची काडतुसं टाकली की पहिल्या पंधरा-वीस फैरी व्यवस्थित, मग रिकामं काडतूस पूर्ण बाहेर न पडता बोल्टच्या (मागेपुढे सरकून काडतूस आत-बाहेर करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी उभं अडकतं. ३२ ग्रॅमची मात्र बिनतक्रार चालतात. त्यामुळे मला वाटतं, बोल्टला मागे ढकलायला गॅसचा जोर कमी पडतोय.

आतापर्यंत काय केलं: बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बॅरल उतरवली. पिस्टनवर (गॅस ज्याला ढकलतो त्या भागावर) काजळीचा थर होता, तो सॉल्व्हंट आणि नायलॉन ब्रशने काढला. बॅरलखालची गॅसची दोन्ही छिद्रंही मोकळी केली. चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) पुसलं तर चिंध्या काळ्या निघाल्या, प्लास्टिकचा बारीक चुराही आला. (इतके दिवस फक्त नळी चकचकीत ठेवण्यात धन्यता मानत होतो!) रिकामं काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजलेला दिसत नाही.

तरीही फरक थोडाच पडला. आता दोन शंका आहेत. मॅगझिन ट्यूबवर (बॅरलखालची, काडतुसं भरायची नळी) मी सढळ हाताने तेल लावतो. गरम झाल्यावर त्यात काजळी कालवून चिकटा होत असेल का? तिथे कोरडंच ठेवावं की पुसट हात फिरवावा? दुसरं, दस्त्याच्या आतली, बोल्टला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग मी कधीच उघडलेली नाही. तिथे जुनं तेल गोठलं असेल तर बोल्ट जड होईल ना? ती घरी काढावी की गनस्मिथकडेच द्यावी? गॅसची छिद्रं मोठी करण्याचा सल्ला मिळालाय, पण ते मी करणार नाही.