नागपूरच्या रडारवर पक्ष्यांचे मुक्काम शोधावेत का?

गोरेवाडाकर: आपल्या नागपुरात हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. पाऊस नसला की त्याचं चित्र कोणी उघडूनही बघत नाही. अमेरिकेत अशी दीडशेच्या वर रडारं आहेत आणि त्यांच्यावर स्थलांतर मोजतात. रात्री प्रवास करणारे बहुतेक पक्षी सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात एकदम उठतात. नेमकी त्या वेळची प्रतिमा घेतली की कुठल्या रानातून, कुठल्या तलावावरून किती दाट उठले ते दिसतं, म्हणजे दिवसभर मुक्काम तिथं होता. पावसाचा अंदाज काढणाऱ्यांसाठी हा निव्वळ कचरा, तो गाळून टाकतात. आपल्या रडारचा मार्च-एप्रिलचा जुना डेटा अभ्यासकांना मिळायला हवा. काठाकाठानं रोषणाई लागायच्या आधी कोणते तलाव पक्ष्यांना खरंच लागतात ते तरी कळेल.

उमरेड रोड: भाऊ, तिकडचे चिमणीएवढे पक्षी रात्रभर उडतात, दिवसा खातात, पुन्हा निघतात. आपल्याकडे तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब आले की अख्खा हिवाळा इथंच काढतात. अन् बदकं तर रोजच तिन्हीसांजेला उठतात! धानपट्ट्यातल्या कोणत्याही मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर उभे राहा. अंधार पडला की डोक्यावरून पंखांचा आवाज जातो, थवा दिसतही नाही. रडारला वाटेल निघाले सैबेरियाला, अन् हे चालले शेजारच्या बांधीत चरायला. त्याच वेळेला वडावरची वटवाघळं सुटतात, ती वेगळीच.

गोरेवाडाकर: म्हणून तर डिसेंबरची संध्याकाळ मार्चच्या संध्याकाळीशेजारी ठेवायची. चरायला जाणारी खालूनच जातात आणि थोड्या अंतरावर उतरतात. प्रवासाला निघालेले वर चढत राहतात, वसंतात रोख उत्तरेकडे. डॉप्लर वेगही देतं, त्यातून वारा वजा करता येतो. आणि फक्त बदकंच का? पर्णवटवट्या, थिरथिरा, तुतवार यांची मोजदाद कोण करतंय?

तर्री जास्त: 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, घराघरात पाणी शिरलं. त्या रडारनं आधी पाऊस नीट सांगावा. पाखरं काहून मोजून राह्यले बे?

गोरेवाडाकर: पाऊस बघायचं काम तसंच चालू राहतं. साठवलेल्या फायली मागतोय, रडारची मान फिरवायला सांगत नाही.

निवृत्त मास्तर: जरा भूमितीही बघा. सगळ्यात खालचा किरण साधारण अर्धा अंश वर असतो, त्यात पृथ्वीचा बाक. 50 किमीवर तो जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंच जातो, 100 किमीवर जवळपास दीड किमी. नवेगावबांधचा तलाव शंभर किमीच्या पलीकडे. तिथल्या पाण्यावरून उठणारा पक्षी त्या किरणात येणारच नाही. आणि जवळ म्हणाल तर शहरातल्या इमारतींवर आपटून परतणाऱ्या लहरी आड येतात. तुमच्या हाती मधलं एक कडं तेवढं लागेल. तरी उपयोग नाकारत नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात रडारवरूनच दिसलं की 2007 ते 2017 या काळात वसंतात रात्री उडणाऱ्या पक्ष्यांचं एकूण वजन सुमारे 14 टक्क्यांनी घटलं. दुर्बीण घेऊन हे कोणाला जमलं असतं?

उमरेड रोड: मास्तर, वजन घटलं हे कळलं, कोणाचं घटलं हे नाही कळलं. रडारला चक्रवाक अन् तलवार बदक सारखेच. शिवाय मार्चात तलावाचं पाणी शेतीला सुटतं, गाळपेर (पाण्याखालची गाळाची जमीन) उघडी पडते, चिखलपक्षी उतरतात. पुढच्या वर्षी पाणी उशिरा सुटलं की तेच पक्षी दुसऱ्या तलावावर. तुमच्या जुन्या नकाशावर यादी करून जो तलाव वगळाल, त्याच्यावरच आधी मुरूम पडेल.

गोरेवाडाकर: यादी आज तरी कुठं आहे? तिच्याशिवायही मुरूम पडतोच.

उमरेड रोड: ठीक. मार्चातल्या काही संध्याकाळींचा डेटा मिळवा. त्याच दिवशी पाळीवर काय काय होतं ते आम्ही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेलं असते. जुळलं तर पुढं बोलू. नाही जुळलं तर वटवाघळं मोजली असं समजा.