एनडीपीएस छापा: मध्यरात्री दार तोडता येतं का?

सोसायटी_सचिव
अमली पदार्थांच्या खबरीवरून पोलीस रात्री दोनला इमारतीत आले, तर रखवालदाराने वॉरंट मागावं का? दार उघडायला उशीर झाला तर लगेच तोडता येतं? आणि पंच म्हणून रहिवाशाला उठवलं तर नाही म्हणता येतं का?

फौजदारी_वकील
रखवालदाराने अडवू नये. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, पोलीस ठाणं आणि वेळ वहीत लिहून घ्यावी. कोर्टात ती नोंद फार उपयोगी पडते.

वॉरंट नाही एवढ्यावरून छापा बेकायदा ठरत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे अधिकार दिलेला, शिपायाच्या वरचा अधिकारी दिवसा बिनवॉरंट शिरू शकतो. मिळालेली खबर मात्र लेखी नोंदवलेली हवी. सूर्यास्तानंतर शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस निसटेल असं का वाटतं, ते आधी लिहावं लागतं. या नोंदीची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे जायला हवी. दार तोडायची मुभा फक्त विरोध झाला तरच आहे. झोपेतून उठून दाराशी येणं म्हणजे विरोध नव्हे.

तपास_अभ्यासक
घाईचं कारणही समजून घ्या. मेफेड्रोन या अमली पदार्थाची व्यावसायिक मात्रा (जिच्यावर गेलं की कायदा सर्वांत कडक होतो) ५० ग्रॅम, म्हणजे मूठभर पावडर. संडासात ओतून पाणी सोडलं की पुरावा संपला. पण खरी चूक दारापाशी होत नाही, त्याच्या आधी होते. खबर ‘तिसरा मजला, डावीकडे’ एवढीच असते. डावीकडे कुठून, जिन्यातून की लिफ्टमधून? वीजमीटरवरचं नाव, फ्लॅट क्रमांक, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, हे दिवसाच पाहून ठेवायला हवं. आत माल बनवत असतील तर ज्वलनशील द्रावकं असतात. तिथे दिव्याचं बटण दाबणंही धोक्याचं, शेजारचे फ्लॅट आधी रिकामे करायला हवेत.

फौजदारी_वकील
हे पटतं. पुढच्या चुका कागदावरच्या असतात. अंगझडतीआधी मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क प्रत्येकाला वेगवेगळा सांगावा लागतो (कलम ५०). दोघांना मिळून एकच नोटीस दिली किंवा ‘आमच्याच पथकातले साहेब चालतील का’ असं विचारलं, तर ते चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद प्रकरणात (२०१४) हे स्पष्ट केलंय. बाईची झडती बाईनेच घ्यायची. नुसत्या पिशवीच्या झडतीला मात्र कलम ५० लागत नाही.

गांजाचं वजन नीट पाहा. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. देठ-मुळांसकट अख्खं झाड काट्यावर चढवलं तर १७ किलोचे २१ होतात, व्यावसायिक मात्रेची २० किलोची रेषा ओलांडली जाते आणि कलम ३७ मुळे जामीन अतिशय कठीण होतो.

सोसायटी_सचिव
पंचांचं राहिलं.

फौजदारी_वकील
लेखी आदेश दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे. तोंडी सांगितलं तर लेखी मागा. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. सील डोळ्यांसमोर लागलं का, ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडतीचं चित्रण बंधनकारक आहे, आणि जप्तीच्या यादीची प्रत घरच्यांना द्यावीच लागते.

तपास_अभ्यासक
आणि कारण नसताना घरात शिरणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा? कलम ५८: फार तर सहा महिने कैद, किंवा १,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत दाराची कडीसुद्धा नीट बसत नाही. हा आकडा बदलायलाच हवा.