पाणी उडतं ते थंडीत

उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात थंडीमुळे बाष्पीभवन नगण्य असणार, असं सहज वाटतं. आजवा तलाव उन्हाळ्यात उतरताना बघणाऱ्या आम्हा बडोदेकरांना ते पटतंच. पण तिथे उलट आहे! जूनमध्ये पाणी हवेपेक्षा गार, म्हणून वाफ कमी. नोव्हेंबर-डिसेंबरात तेच पाणी हवेपेक्षा उबदार, वरून कोरडा गार वारा. तेव्हा सर्वाधिक पाणी उडतं. थंडीत पहाटे चुलीवरून उतरवलेल्या हंड्यावर दिसते तशी वाफ अख्ख्या सरोवरावर उठते. बर्फ धरला की ती बरीच रोखली जाते.

खोलीही बघा. सुपीरियर सरासरी १४७ मीटर, त्याच भागातलं ईरी सरोवर जेमतेम १९. ईरीतलं सगळं पाणी अडीच-तीन वर्षांत बदलतं, सुपीरियरला सुमारे १९० वर्षं लागतात. म्हणून सुपीरियरमधल्या प्रदूषणाची मला जास्त धास्ती वाटते.