शब्दचर्चा: 'बॅकअप'ला 'राखीव' की 'बदली'? आणि '८७ लाखांपर्यंत' मधलं 'पर्यंत'

प्रश्न

अमेरिकन फुटबॉलवरच्या एका मराठी लेखाचं संपादन चालू आहे. विषय क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ज्यो फ्लॅको: २०२३ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाकडून त्याने केलेली कामगिरी आणि त्यानंतर इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाशी झालेला करार. लेखकाने त्याला एकदा 'ज्येष्ठ राखीव' तर एकदा 'बदली क्वार्टरबॅक' म्हटलंय. पुढे 'कोल्ट्सनी त्याला ८७ लाख डॉलरला घेतलं' असं वाक्य आहे. यातलं काय ठेवावं?

प्रतिसाद १

'क्वार्टरबॅक' तसाच राहू द्या. 'राखीव' आणि 'बदली' मात्र एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. राखीव म्हणजे सामन्याच्या चमूत आहे, तयार आहे, पण पहिली पसंती दुसऱ्याला आहे. सामना सुरू असताना कुणाच्या तरी जागी मैदानात उतरला, की तो बदली. २९ सप्टेंबर २०२४ ला स्टीलर्सविरुद्ध कोल्ट्सचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक अँथनी रिचर्डसन जखमी झाला आणि फ्लॅको आत आला. तिथे 'बदली' अगदी बरोबर. पुढच्या आठवड्यात जॅग्वार्सविरुद्ध तो पहिल्या खेळीपासून खेळला. तिथे 'रिचर्डसनच्या जागी सुरुवातीपासून खेळला' असं सरळ लिहावं.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. क्रिकेटमुळे 'बदली खेळाडू' म्हटलं की क्षेत्ररक्षणापुरता आलेला गडी डोळ्यापुढे येतो. इथे बदली आलेला क्वार्टरबॅक आक्रमणाची सगळी सूत्रं हातात घेतो. त्यामुळे पहिल्या उल्लेखात अर्धं वाक्य खर्च करून हे सांगून टाका.

ब्राउन्सच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर गेला, तेव्हा फ्लॅकोला आधी सराव पथकात घेतलं होतं. सराव पथकातला खेळाडू अजून 'राखीव'ही नसतो. त्याला त्या सामन्यापुरता चमूत घ्यावा लागतो.

प्रतिसाद २

'ज्येष्ठ' काढाच. मराठी वाचकाला 'ज्येष्ठ' म्हटलं की वय आणि मान दिसतो. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) करारात 'व्हेटरन' ही सेवेची मोजणी आहे. हंगामात किमान ३ सामने पूर्ण पगारावर चमूत असला, तर तो हंगाम त्याच्या खात्यात जमा होतो. असे ४ हंगाम झालेल्या खेळाडूला किमान पगारावर एक वर्षासाठी घेतलं, तर वेतनमर्यादेत (संघाला वर्षाला खेळाडूंच्या पगारावर करता येणाऱ्या खर्चाच्या मर्यादेत) त्याचा पूर्ण पगार न धरता २ हंगामवाल्याच्या किमान पगाराइतकीच रक्कम धरली जाते. म्हणजे २६ वर्षांचा खेळाडूही तिथे 'व्हेटरन' असू शकतो. 'अनुभवी' हा शब्द वयालाही पुरतो आणि सेवेलाही.

प्रतिसाद ३

कामगिरीच्या परिच्छेदात 'पासिंगची सरासरी ९०.२' असं असेल तर तेही दुरुस्त करा. ती सरासरी नाही, चार भागांचा गुणांक आहे. फ्लॅकोचे ब्राउन्सकडचे साखळी फेरीचे आकडे: २०४ पास, १२३ पूर्ण, १,६१६ यार्ड, १३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोचवणं), ८ इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याने झेलणं).

पूर्ण पासांचं प्रमाण ०.६०३, त्यातून ०.३ वजा, गुणिले ५: १.५१५.
प्रति पास ७.९२ यार्ड, त्यातून ३ वजा, भागिले ४: १.२३०.
टचडाउनचं प्रमाण गुणिले २०: १.२७५.
इंटरसेप्शनचं प्रमाण गुणिले २५, ते २.३७५ मधून वजा: १.३९५.

बेरीज ५.४१. तिला ६ ने भागून १०० ने गुणलं की ९०.२. प्रत्येक भाग शून्याच्या खाली आणि २.३७५ च्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून कमाल गुणांक १५८.३. तेवढ्याच पासांत इंटरसेप्शन ८ ऐवजी ४ असते, तर हाच गुणांक ९८.४ झाला असता. फ्लॅकोची किंमत ठरवताना सगळा वाद या चार इंटरसेप्शनचा आहे.

गुणांकात सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) नाहीत, फंबल (हातातून चेंडू सुटणं) नाहीत, आणि कुठला इंटरसेप्शन कधी झाला हेही नाही. १३ जानेवारी २०२४ ला टेक्सन्सविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात मध्यंतराला १४-२४ अशी पिछाडी होती, म्हणजे सामना हातातून गेलेला नव्हता. तिसऱ्या सत्रात लागोपाठ दोन इंटरसेप्शनवर टेक्सन्सनी थेट टचडाउन केले आणि १४-३८ झालं. शेवट १४-४५.

'फ्लॅकोने ५ पैकी ४ सामने जिंकले' हेही 'तो खेळला त्या ५ पैकी ४ सामने ब्राउन्सनी जिंकले' असं करा. त्या हंगामात सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव ब्राउन्सचा होता. बेअर्सविरुद्ध फ्लॅकोचे ३ इंटरसेप्शन होऊनही सामना २०-१७ असा निघाला, त्यात बचावाचा वाटा मोठा.

प्रतिसाद ४

आता ८७ लाख. '८७ लाखांना घेतलं' हे चूकच. हमी होती ४५ लाखांची. उरलेले पैसे अटी पूर्ण झाल्या तरच मिळणारे, म्हणून '८७ लाखांपर्यंत'. राखीव क्वार्टरबॅकच्या करारात हा फरक सगळ्यात मोलाचा असतो, कारण अटी बहुधा मैदानात उतरण्याशीच बांधलेल्या असतात. पहिला क्वार्टरबॅक धडधाकट राहिला, तर त्यातलं फारसं हाती लागत नाही.

वेतनमर्यादेत या रकमा कशा धरतात तेही लिहा. आदल्या वर्षी गाठलेली पातळी पुन्हा गाठायची अट असेल तर ती 'मिळण्याजोगी', आणि रक्कम त्याच वर्षी मोजतात. नसेल तर ती आधी मोजत नाहीत. मिळालीच, तर पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून वळती होते. २०२४ ची मर्यादा प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. ४५ लाख म्हणजे तिचे १.८ टक्क्यांहूनही कमी. ६ सामने सुरुवातीपासून खेळू शकणाऱ्या माणसासाठी हा भाव रास्त होता असं माझं ठाम मत आहे, त्याने त्या हंगामात सुरुवातीपासून खेळलेल्या सहापैकी कोल्ट्सनी दोनच जिंकले तरी.

प्रश्नकर्ता

आभार. 'डेड मनी'ला लेखात 'बुडीत रक्कम' केलंय. चालेल?

प्रतिसाद ४

नको. बुडीत म्हणजे येणं होतं, ते आलं नाही. इथे पैसे खेळाडूला आधीच पोचलेले असतात, फक्त वेतनमर्यादेच्या हिशेबात धरायचे राहिलेले असतात. क्वार्टरबॅक निक फोल्सचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलचा (लीगच्या अंतिम सामन्याचा) सर्वोत्तम खेळाडू. मार्च २०१९ मध्ये जॅग्वार्सनी त्याच्याशी ४ वर्षांचा, ८ कोटी ८० लाखांचा करार केला. त्यात २.५ कोटी सहीच्या वेळचा बोनस. तो मर्यादेच्या हिशेबात चार वर्षांत विभागला, म्हणजे वर्षाला ६२.५ लाख. पहिल्याच सामन्यात त्याचं कॉलरबोन मोडलं आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला बेअर्सकडे पाठवलं. उरलेले तीन हप्ते, म्हणजे १ कोटी ८७.५ लाख, एकदम जॅग्वार्सच्या २०२० च्या मर्यादेवर येऊन पडले. याला 'मागचा भार' म्हणा, किंवा 'गेलेल्या खेळाडूचा भार' असं उलगडून लिहा.

प्रश्नकर्ता

मग वाक्य असं करतो: 'अनुभवी राखीव क्वार्टरबॅक ज्यो फ्लॅकोशी कोल्ट्सनी एका वर्षाचा करार केला, ४५ लाख डॉलरची हमी, अटी पूर्ण केल्यास एकूण मोबदला ८७ लाखांपर्यंत.'

प्रतिसाद १

चोख. फक्त 'एकूण' आहे तिथेच राहू द्या. तो गाळला तर वाचक ८७ लाख हमीच्या वर मोजेल.