टोरंटोच्या थंडीत बॉस्टन मॅरेथॉनचा सराव

पळता_भुई
बॉस्टन मॅरेथॉन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, म्हणजे १६ आठवड्यांचा सराव डिसेंबरअखेरीपासून, ऐन थंडीत. पुण्यात पळायची सवय आहे, बर्फात नाही. उणे १५ ला घालायचं काय? रस्त्यावर बर्फ असेल तर लाँग रन (आठवड्यातली लांब पल्ल्याची धाव) ट्रेडमिलवर चालेल का? आणि ३० किमीला पाणी, ऊर्जेसाठीची जेल गोठू न देता कसं न्यायचं?

गारठा
बाहेर आहे त्यापेक्षा १० अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला. पहिली पाच-सात मिनिटं कुडकुडायलाच हवं. दारातच ऊब वाटली तर तिसऱ्या किलोमीटरला घाम फुटतो, आणि थंडीत माणूस गारठतो तो घामाने. उणे ५ पर्यंत पूर्ण बाह्यांचा एक मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, वर पातळ विंडचीटर. उणे १५ ला आत आणखी एक थर, जाड टाइट्स, गळ्यात बफ (गळपट्ट्यासारखी कापडी नळी), आणि बोटांच्या हातमोज्यांऐवजी मिटन्स, कारण बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. सुती बनियन अजिबात नको, भिजलं की वाळत नाही. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी अंडरवेअर घ्यावी. हे आधी कुणी सांगत नाही!

तापमानापेक्षा विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे प्रत्यक्ष जाणवणारी थंडी, बघा. उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी घरातच पळा. गाल किंवा कान पांढरट, बधिर झाला तर लगेच आत या, चोळू नका.

जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर घ्या. उलट केलंत तर घामेजलेल्या अंगावर वारा येतो, तोही पाय दमून वेग उतरल्यावर, म्हणजे शरीर उष्णता कमी तयार करत असताना. ३० किमीची एकच मोठी फेरी नको. घराजवळून ८-१० किमीच्या फेऱ्या मारा, म्हणजे कोरडे मिटन्सही बदलता येतात.

पाणी कोमट भरा आणि बाटली पट्ट्यात उलटी खोचा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. पाठीवरची, नळीने प्यायची पाण्याची पिशवी असेल तर प्यायल्यावर नळीतलं पाणी फुंकून मागे ढकला. जेल जॅकेटच्या आत, अंगालगत.

उतारपंथी
कपड्यांबद्दल +१. ट्रेडमिलचं उत्तर मात्र बॉस्टनसाठी वेगळं आहे.

सगळ्यांना धास्ती हार्टब्रेक हिलची. पण हॉपकिंटन गावातली सुरुवात शेवटच्या रेषेपेक्षा सुमारे १४० मीटर उंचावर आहे आणि पहिले २५ किमी बहुतेक उताराचेच. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात, त्यांचे तंतू दुखावतात. न्यूटन गावातले चार चढ त्यानंतर येतात, हार्टब्रेक हिल त्यातलाच शेवटचा. बहुतेक ट्रेडमिल चढ देतात, उतार देत नाहीत. म्हणून सगळा हिवाळा त्यावर काढलेला माणूस दम शाबूत असून मांड्यांनी बसतो.

दर १०-१२ दिवसांनी मीठ टाकून साफ केलेला, १०० मीटरला ३-४ मीटर उतरणारा रस्ता शोधा. ४०० मीटरचे चार उतार, हळूहळू आठ. शर्यतीआधी तीन आठवडे बंद. रस्ता मिळालाच नाही तर २० सेंमीच्या पायरीवरून तीन सेकंद मोजत एक पाय खाली टेकवा, प्रत्येक पायाचे १० चे तीन सेट.

बाकी ट्रेडमिल १ टक्का चढावर खुशाल वापरा, विशेषतः वेगाच्या सरावाला. भुसभुशीत बर्फावर पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघू नका, दम बघा. मनगटी घड्याळ थंडीत नाडी चुकवतं, छातीचा पट्टा बरा. ओल्या डांबरासारखा दिसणारा काळा बर्फ सगळ्यात वाईट. तिथे पावलं आखूड, पाय शरीराच्या बरोबर खाली. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) फक्त कडक बर्फावर, कोरड्या रस्त्यावर काढून ठेवा.

पळता_भुई
आणि नेमकं शर्यतीच्या दिवशी ऊन निघालं तर?

उतारपंथी
निघू शकतं. २०१२ ला पारा ३० च्या पुढे होता, २०१८ ला गार पाऊस आणि समोरून वारा. उष्णतेची सवय व्हावी म्हणून शेवटचे दहा-बारा दिवस पळून आल्यावर लगेच ४० अंशांच्या पाण्यात २०-३० मिनिटं बसा. उठताना सावकाश, चक्कर येते. घरात कुणीतरी असू द्या. रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गारठा
आणि टाकून देण्याजोगा जुना स्वेटशर्ट न्या. हॉपकिंटनला सुटायच्या आधी बराच वेळ उघड्यावर थांबावं लागतं.