मदत हवी आहे: टीबी संशोधनातल्या डेटा मॅनेजरला पुढची वाट कोणती?

नमस्कार मंडळी,

मी मूळची नांदेडची. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झाल्यावर पुण्यात आले. सध्या एका संशोधन संस्थेत टीबीच्या प्रकल्पावर डेटा मॅनेजर आहे. प्रकल्पाचा निधी मार्चमध्ये संपतोय. नवा प्रकल्प मंजूर झाला तर करार वाढेल, नाहीतर नाही. घरात, नात्यात या क्षेत्रातलं कोणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

आधी काम सांगते, कारण डेटा मॅनेजर म्हटलं की बहुतेकांना टायपिंग वाटतं. पेशंटच्या प्रत्येक भेटीचा फॉर्म आमच्याकडे रेडकॅप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला जातो. थुंकीचा नमुना लिक्विड कल्चरला, म्हणजे द्रव माध्यमात टीबीचे जंतू वाढतात का ते बघायला, लावला, की निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. तोवर तो रकाना रिकामा. पण रिकामा म्हणजे नेमकं काय? निकाल यायचाय, नमुना घेतलाच नाही, की तो दूषित झाला? या तिन्हींना वेगळे कोड नसतील आणि विश्लेषणात कोणी सगळे रिकामे रकाने निगेटिव्ह धरले, तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसेल. मग नावांचा घोळ. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग केसपेपरवर 'डी'ने सुरू होतं, लॅबच्या रिपोर्टवर 'जी'ने. खासगी डॉक्टरकडून सरकारी केंद्रात आलेला पेशंट कधी कधी निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, दोनदा नोंदलेला असतो. माणूस एकच आहे हे वय, तालुका, औषध सुरू झाल्याची तारीख पडताळून ठरवावं लागतं.

ज्यांची भेट चुकली त्यांची यादी दर सोमवारी मी काढते. तिच्यावरून आमचे फील्डवरचे लोक घरोघरी जातात, आणि त्यातले काही पेशंट पुन्हा औषध घ्यायला लागतात. मला या कामात राहायचंय.

पेच असा आहे. ओळखीतले सगळे सांगतात, सीआरओमध्ये, म्हणजे औषध कंपन्यांसाठी चाचण्या चालवणाऱ्या कंपनीत जा, क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटमध्ये पगार बरा आहे. खरं आहे ते. पण तिथे कॅन्सर, डायबेटिस, त्वचारोग, जो प्रकल्प येईल तो करायचा. दुसरी वाट एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे साथरोगशास्त्रात, पीएचडी, पण मला दर महिन्याला घरी पैसे पाठवावे लागतात. आहे तिथेच थांबले, तर पदाचं नाव बदलणार नाही आणि पेपर आला की माझं नाव आभाराच्या ओळीत राहील.

म्हणून विचारायचंय: डेटा मॅनेजरची संशोधक झालेली कोणी तुमच्या पाहण्यात आहे का? कुठल्या वाटेने गेली? आणि सीआरओत एकदा गेलं की संसर्गजन्य आजारांकडे परत येता येतं का?

प्रतिसाद १

ताई, मी साथरोगांच्या सर्वेक्षणात काम करतो. रिकाम्या रकान्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते कळणारी माणसं आमच्याकडे कमी आहेत. दोडामार्गला २०१६ मध्ये माकडताप आला, २०२१ मध्ये पुरंदरमधल्या बेलसरला झिका सापडला, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले. अशा वेळी सगळ्यात आधी लागते ती लाइन लिस्ट: कोण, कुठला, लक्षणं कधी सुरू झाली, पाणी कुठलं. ती गचाळ असेल तर पुढचं सगळं अडतं.

आता पदाचं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, प्रकल्पांमध्ये प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशा दोन वेगळ्या शिड्या आहेत. रिसर्च सायंटिस्ट-१, नॉन-मेडिकल, या पदाला एमएस्सी फर्स्ट क्लास चालतो, पीएचडीची अट नाही. तुम्ही फर्स्ट क्लास असाल तर टेक्निकल सपोर्टच्या जाहिरातींमागे लागू नका. पाच वर्षांनी बायोडेटा बघणारा पदाचंच नाव बघतो. पुण्यात विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आहे, एड्सवर काम करणारी पूर्वीची नारी आहे. चेन्नईला टीबीची एनआयआरटी आणि साथरोगशास्त्राची एनआयई आहे. चेन्नईला जायची तयारी ठेवा. भाषेची भीती वाटते, पण कार्यालयात इंग्रजीवर निभावतं.

पीएचडी आत्ताच नको. आधी संशोधकाच्या पदावर पगार सुरू करा, आणि मार्गदर्शक तिथेच मिळाला तर नोकरी सांभाळून नोंदणी करता येते का ते विद्यापीठात विचारा.

आभाराच्या ओळीबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. लेखक कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात मोलाचा वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाच्या सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात. डेटा मॅनेजर बहुतेक दुसऱ्या निकषावर अडतात, कारण त्यांच्याकडे मसुदा कोणी पाठवतच नाही. पद्धतींच्या भागातला डेटा कसा तपासला, गहाळ माहितीचं काय केलं, हा परिच्छेद तुम्ही लिहून द्या.

प्रतिसाद २

मी पुण्यातच सीआरओमध्ये आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. परत येता येतं. पण काय शिकून येता यावर अवलंबून आहे. इथे नुसत्या क्वेरी, म्हणजे डेटातल्या शंका, बंद करत बसलीस तर दोन वर्षांनी तू आज आहेस तिथेच असशील. चाचण्यांचा डेटा कसा मांडायचा याची सीडिस्कची मानकं शीक, विशेषतः एसडीटीएम. ऑक्सफर्डची आयडीडीओ ही संस्था मलेरिया, काळा आजार अशा आजारांच्या जगभरातल्या चाचण्यांचा डेटा एकत्र आणते, तो याच एसडीटीएममध्ये बसवून. म्हणजे औषध कंपनीसाठी शिकलेली गोष्ट तुझ्या आवडीच्या आजारांनाही लागते.

आणि सीआरओ म्हणजे कॅन्सर-डायबेटिसच, असं नाही. लसींच्या चाचण्याही असतात. मलेरियाची आर२१ लस ऑक्सफर्ड आणि आपल्या पुण्याच्या सीरमची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. अशा प्रत्येक चाचणीमागे डेटा मॅनेजर असतात. मुलाखतीत सरळ विचार, थेरप्युटिक एरिया, म्हणजे कुठल्या आजारांवर काम करायचं ते, निवडता येईल का. लसींची टीम असेल तर तसं सांगतात.

आर ही विश्लेषणाची संगणकभाषा येते ना? नसेल तर आजपासून सुरू कर. सीआरओसाठी सॅस हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअरही लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार. आर येतं, सॅस एमएस्सीला थोडं केलं होतं. फर्स्ट क्लास आहे, त्यामुळे रिसर्च सायंटिस्टच्या जाहिराती आजच बघते. टेक्निकल सपोर्ट आणि ते पद यातला फरक मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

एक विचारू का दादा? आमच्या मुख्य पेपरचं विश्लेषण पुढच्या महिन्यात सुरू होतंय. लेखक म्हणून नाव घालण्याबद्दल मॅडमशी आत्ता बोलू की मसुदा तयार झाल्यावर?

प्रतिसाद १

आत्ताच. मसुदा झाला की नावांचा क्रम ठरलेला असतो. नुसतं 'माझं नाव घ्या' म्हणू नका, 'गहाळ माहितीचा भाग मी लिहू का, आणि मसुदा मला वाचायला मिळेल का' असं विचारा. त्यांनी होकार दिला की त्याच दिवशी दोन ओळींची ई-मेल टाकून ठेवा. त्या परिच्छेदाचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सांगेन, फक्त पेशंटची कुठलीही माहिती त्यात येऊ देऊ नका.