मदत हवी आहे: गाडीवरचे पांढरे डाग निघत नाहीत (तातडीने)

घाटवेडा:
नमस्कार. वेळ कमी आहे, थेट मुद्द्यावर येतो. गाडीवर पांढरे गोल डाग पडलेत आणि जाता जात नाहीत. शाम्पू झाला, वॅक्स झालं, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी माती) दोनदा फिरवली. ओली असताना गाडी नव्या नवरीसारखी दिसते, वाळली की डाग परत हजर. रविवारी पहाटे ताम्हिणीला जायचंय, सगळे आपापल्या गाड्या घेऊन येणार, त्यात ही अशी न्यायची नाही. गाडी रोज चालते, त्यामुळे "चार दिवस आमच्याकडे सोडा" म्हणणाऱ्यांचे पत्ते नकोत. घरच्या घरी काय करू? पॉलिशिंग मशीन मागवू का?

अळूवडी:
गाडी कुठली? रंग? डाग बोटाला लागतात की नुसते दिसतात?

पेठकर:
कोलगेट. पांढरं साधं, जेल नको. ओल्या फडक्याने गोल गोल चोळा, पाच मिनिटांत साफ. माझ्या झेनवर पंधरा वर्षं हेच केलं, विकली तेव्हा घेणारा म्हणाला शोरूमची वाटते.

घाटवेडा:
@अळूवडी, स्पोर्ट्स कार आहे, काळी. त्याने काय फरक पडतो? डाग ते डाग.

अळूवडी:
फरक पडतो म्हणूनच विचारतोय. काळ्या रंगावर टूथपेस्ट चोळलीत तर डाग राहतील आणि वर ढगाळ पट्टा येईल. पेठकरांची झेन कोणत्या रंगाची होती?

पेठकर:
पांढरी. मुद्दा तो नाही.

अळूवडी:
मुद्दा तोच आहे.

मुळशीचा_वाघ:
रविवारी सहाच्या आत पिरंगुट ओलांडा, नाहीतर अडकलात. आणि पावसाळ्यानंतर पौडच्या पुढे खड्डे बघून चालवा, खाली गाड्या घासतात. डागांचं माहीत नाही.

मायक्रॉन:
चाकणला पेंट शॉपमध्ये एकोणीस वर्षं काढली आहेत म्हणून चार ओळी लिहितो. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १००-१२० मायक्रॉन भरतात, त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ४० च्या आसपास. आपला केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो. म्हणजे जे काही घासायचं ते अर्ध्या केसाएवढ्या जाडीत. मशीन आणायला कोणी अडवत नाही, पण आधी डाग कसला ते कळू दे. तीन गोष्टी सांगा. एक, वर पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) आहे, सिरॅमिक कोटिंग आहे की उघडा रंग? दोन, डाग कुठे आहेत, आडव्या भागावर की दारांवरही? तीन, गाडी कोण धुतं, कधी आणि कुठल्या पाण्याने?

घाटवेडा:
मस्टँग जीटी, २०१७, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. पीपीएफ नाही. सिरॅमिक आहे असं विकणारा म्हणाला होता. डाग बॉनेटवर जास्त, छतावर थोडे, दारांवर जवळजवळ नाहीतच. धुतो मीच. सोसायटीतल्या पुसणाऱ्या काकांना हात लावू देत नाही, एका फडक्याने तीस गाड्या पुसतात ते. संध्याकाळी ऑफिसातून आलो की लगेच धुतो, नंतर कंटाळा येतो. पाणी आपलं नेहमीचंच.

श्टुटगार्टकर:
आमच्याकडे जर्मनीत घरासमोर गाडी धुतली की शेजारी तक्रार करतात, बऱ्याच गावांत बंदीच आहे, तेलकट पाणी जमिनीत जातं म्हणून. नाणी टाकून धुवायच्या सेल्फ सर्व्हिस बॉक्समध्ये जावं लागतं. तिथे शेवटचा फवारा क्षार काढलेल्या पाण्याचा असतो, म्हणून गाडी पुसली नाही तरी डाग पडत नाहीत. पुण्यात असं काही निघालं आहे का?

तिसरी_घंटा:
सिरॅमिक असेल तर डाग पडूच शकत नाहीत. ९एच कडकपणा असतो त्याचा, हिऱ्याच्या खालोखाल. तुम्हाला फसवलंय.

मायक्रॉन:
@तिसरी_घंटा, ते ९एच पेन्सिलीच्या मोजमापातलं. हिऱ्याचा संबंध नाही. थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा असतो. पाण्याचे थेंब गोल करून घरंगळवणं हे त्याचं काम. जे थेंब घरंगळत नाहीत ते तिथेच गोल बसतात आणि तसेच वाळतात. सिरॅमिकवाल्या गाडीवर पाण्याचे डाग उलट जास्त ठळक दिसतात.

@घाटवेडा, "नेहमीचं" म्हणजे कॉर्पोरेशनचं, बोअरचं की टँकरचं?

घाटवेडा:
अहो, आरओचं. फिल्टरमधून जे वाया जातं ते बाल्कनीत ड्रममध्ये साठवतो. पिण्याचं पाणी गाडीला कशाला घालायचं? बायकोची आयडिया, सोसायटीत कौतुकही झालं.

अळूवडी:
सापडलं.

मायक्रॉन:
घ्या! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर कोलगेटपर्यंत गेलोच नसतो. आरओ क्षार नाहीसे करत नाही. ते तुमच्या ग्लासातून काढून त्या ड्रममध्ये पाठवतो. एक लिटर प्यायचं पाणी काढायला दोन-तीन लिटर बाहेर टाकतो आणि सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या बाहेरच्या पाण्यात. वर तुम्ही घरी आल्या आल्या धुता. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन तासभर ट्रॅफिकमध्ये तापलेलं, बॉनेटवर हात ठेववत नाही, त्यावर हे पाणी. पुसेपर्यंत थेंब वाळतो. म्हणून बॉनेटवर जास्त आणि उभ्या दारांवर नाही. डाग जवळून बघा, मधे फिकट आणि कडेला जाड कडं असेल.

घाटवेडा:
आहे. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं, अगदी बांगडीसारखं. मग आता?

लातूरकर:
२०१६ ला आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. इथे ड्रमभर पाण्याने रोज गाड्या धुतायत. चालू द्या.

घाटवेडा:
@लातूरकर, वाया जाणारंच वापरतोय हो! म्हणून तर हे सगळं झालं.

लातूरकर:
तेच पाणी फरशीला, संडासाला वापरा. गाडीला अर्धी बादली पुरते. पाण्यात टाकायचं लिक्विड मिळतं, मायक्रोफायबर बुडवायचा, एका दिशेने पुसायचं, प्रत्येक घडी एकदाच वापरायची. मी आठ लिटरमध्ये इनोव्हा पुसतो. घाटातला चिखल असेल तर मात्र आधी फवारा मारावाच लागतो, नाहीतर खडा रंगावरून ओढला जातो.

अळूवडी:
हा घ्या कामाचा प्रतिसाद, आणि तोही चिडलेल्या माणसाचा.

मायक्रॉन:
आता उपाय. गाडी रात्रभर उभी, थंडगार, सावलीत. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. टिश्यू त्यात भिजवून चार-पाच डागांवर चिकटवा, दीड मिनिट थांबा, उचला, भरपूर पाण्याने धुवा, मग शाम्पू. आधी कोपऱ्यातला एक डाग, सगळं बॉनेट एकदम नको. वॅक्स निघून जाईल, ते परत लावायचंय. डाग गेला तर तो क्षार होता. बांगडी तशीच राहिली तर क्षाराने क्लिअर कोट खाल्लाय, मग पॉलिशशिवाय इलाज नाही.

पेठकर:
म्हणजे माझं घरगुती चालत नाही आणि यांचं चालतं. व्हिनेगर काय मंगळावरून येतं?

पिंगळा:
डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणू नका. माझ्या मेव्हण्याला ॲसिडची बाटली दिली होती.

कॉफीची_बी:
आतल्या लेदरला खोबरेल तेल अजिबात लावू नका. चिकट होतं आणि उन्हात वास येतो.

घाटवेडा:
@कॉफीची_बी, लेदरचं कोणी विचारलं?

कॉफीची_बी:
पुढे विचाराल.

घाटवेडा (शनिवार रात्र):
अपडेट. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला. नळाचं पाणी ६४०, ड्रममधलं ८९०. ड्रम आता कुंड्यांनाही घालायची भीती वाटते. व्हिनेगर केलं. छतावरचे सगळे गेले, टिश्यू उचलला की खाली स्वच्छ काळं, फार बरं वाटलं. बॉनेटवरचे निम्मे गेले. उरलेल्या बांगड्या बोटाला लागत नाहीत, पण टॉर्चमध्ये दिसतात.

मायक्रॉन:
त्या खाल्लेल्या आहेत. एवढ्या उद्या तशाच न्या, पहाटे अंधारात कोणाला दिसत नाहीत. नंतर हलकं पॉलिश, मऊ फोम पॅड, तेही जाडी मोजून. आणि इथून पुढे घरी आलात की आधी चहा घ्या, बॉनेट गार झालं की बादली.

तिसरी_घंटा:
मी म्हणालोच होतो फसवलंय म्हणून.

घाटवेडा (मंगळवार):
ताम्हिणी झाली, डाग कोणाला दिसले नाहीत, सगळे धुक्याचे फोटो काढत होते. काल एका ओळखीच्याकडे मीटरने रंगाची जाडी मोजली, मायक्रॉनमध्ये. बॉनेट १०८, छत ११२, उजवं दार ११०. डावं दार २६०, त्याच्या मागचा पॅनेल २८५. मीटर बिघडलाय का? मशीनचं ठरवायचंय, लवकर सांगा.

अळूवडी:
मीटर ठीक आहे. घेताना विकणाऱ्याने रंगाबद्दल नक्की काय सांगितलं होतं?

घाटवेडा:
"ओरिजिनल पेंट, एकच मालक, घाटात कधी नेली नाही."